दुपट्ट्याखालचा भाव

दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे हे डोकावून पाहायची मला लहानपणापासून सवय आहे. बाजारात शेजारची बाई वांगी काय भावानं घेते आहे, ते ऐकल्याशिवाय माझा पाय निघत नाही. शाळेत गणित शिकवते, म्हणून आकड्यांबद्दलची ही चौकशी लोक खपवून घेतात. त्यामुळे मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्याच दारात, माझ्या डोळ्यांदेखत एक सौदा झाला आणि त्याचा आकडा मला कळला नाही, तेव्हा मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

सौदा आमच्या गाडीचा होता. म्हणजे बाबांच्या. चंदेरी रंगाची, लहानशी, नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या फाटकाच्या आत कडुलिंबाखाली उभी असायची आणि फाल्गुन लागला की पिवळ्या पानांनी झाकून जायची. बाबा रोज सकाळी ती पानं हातानं वेचायचे. झाडू लावला तर रंगाला चरे पडतात, असं त्यांचं म्हणणं. घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, का ते इथे सांगत बसत नाही. आई जाऊन काही वर्षं झाली. बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, मूळचे उमरेडकडच्या खेड्यातले, बोलायला मुलखाचे कंजूष.

पण गाडीत बसले की हा माणूस बोलायचा. घरी "भाजी बरी झाली" यापलीकडे न जाणारे बाबा स्टिअरिंगवर हात ठेवला की सुरू व्हायचे. त्यांच्या लहानपणचा बैलबाजार, आईशी ठरलेलं लग्न, कचेरीतला एक साहेब जो दुपारी टेबलाखाली पाय पसरून झोपायचा, हे सगळं मला गाडीतच कळलं. मला वाटतं, समोर रस्त्याकडे पाहायचं असतं, बाजूला बसलेल्याच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही, म्हणून त्यांना ते जमत असावं. शनिवारी ते वाडीला जायचे, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे राहणाऱ्या एका जुन्या मित्राकडे पत्ते खेळायला. मनात आलं तर एकटेच रामटेकपर्यंत जाऊन चहा पिऊन परत यायचे. कोणाला विचारायचं नाही, कोणाची वाट पाहायची नाही. त्या गाडीत त्यांचं एवढं सगळं होतं.

मग काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, समोरचं दिसेल, पण डाव्या बाजूचं कडेकडेचं दिसणं गेलं आहे, ते परत यायचं नाही, गाडी बंद करा. बाबांनी थेंब घातले, पथ्य पाळलं, आणि गाडी मात्र चालू ठेवली. मी भांडले, रुसले, चावी लपवली. त्यांनी दुसरी चावी काढली. "मान वळवली की दिसते," एवढंच उत्तर.

आणि एका मंगळवारी सकाळी ते बाहेरून आले, मी पोळ्या करत होते तिथे आले आणि ओट्यावर चावी ठेवली.

"हे गाडी विकून टाक."

"काहून? काय झालं?"

"झालं काही नाही. विकून टाक म्हटलं ना."

इतके महिने मी ज्यासाठी आटापिटा करत होते, ते असं आपोआप ओट्यावर येऊन पडलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याहून जास्त मला कुतूहल वाटलं. माझ्या बडबडीनं जे झालं नाही, ते त्या सकाळी कशानं झालं? बाबा अंघोळीला गेल्यावर मी बाहेर जाऊन गाडीभोवती फिरले. डाव्या बाजूला, पुढच्या चाकाच्या वर, हाताच्या वितीएवढा एक निळा ओरखडा होता. आधी होता की नव्हता, आठवेना. पोळी करपल्याचा वास आला म्हणून आत गेले.

मोबाइलवर जाहिरात टाकली. किंमत सव्वादोन लाख लिहिली आणि मनाशी ठरवलं की दोनवर आले तर द्यायची. त्यानंतरचे आठ-पंधरा दिवस मला फार मजा आली, हे कबूल करते. गाडी विकायला काढली की माणसं किती तऱ्हेनं भाव करतात ते घरबसल्या पाहायला मिळतं. काही जण गाडी न पाहताच "लास्ट किती?" असं विचारतात. त्यांना नमस्कार-चमत्कार काही नको असतो. एक जण रोज सकाळी पाच हजार वाढवायचा, जणू गाडी म्हणजे भिशी आहे. मनीषनगरहून एक जोडपं आलं. नवऱ्यानं इंजिन ऐकलं, बायकोनं चारही दारं उघडून पुन्हा लावून पाहिली, दोनदा. दोघं नजरेनं एकमेकांशी बोलत होते आणि मला तेही वाचता येत होतं. गाडी त्यांना आवडली होती.

तेवढ्यात बाबा व्हरांड्यातून उठून आले आणि म्हणाले, "एसी आहे, पण मे महिन्यात दुपारी दम सोडते. पहिलेच सांगून ठेवतो."

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी दम सोडणारा एसी कोण विकत घेईल? जोडपं "सांगतो तुम्हाला" म्हणून गेलं आणि त्यांनी काही सांगितलं नाही.

वाडीचा एक गाड्यांचा दलाल आला. त्याचा चेहरा इतका दुःखी की भाव मागण्याआधीच माणसाला आपला माल टाकाऊ वाटायला लागावा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला पाय लावला आणि सुस्कारा सोडला. मी मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले. पण बाबांनी त्याचंही काम सोपं केलं. तिसरा गिअर सकाळच्या थंडीत अडकतो, मागच्या काचेचं बटण दोनदा दाबावं लागतं, पावसात उजव्या पायाशी ओल येते. दलालानं पावणेदोन लाख देऊ केले आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "ताई, काकाजीले आत बसवा. असं कोणी गाडी विकते का?"

तो गेल्यावर मी बाबांवर चिडले. "तुम्हाला विकायची आहे की नाही ते एकदा सांगा. सगळ्यांना पळवून लावता."

"माहा बाप बैल विकाले जाय तं पहिले बैलाची खोड सांगे," बाबा म्हणाले. "मंग भाव. न सांगितलेल्या खोडीचा पैसा घरात ठेवत नसते."

मला ते खरं वाटलं नाही. वाटलं, हे निमित्त आहे. यांना गाडी द्यायची नाही, आणि तसं म्हणायचंही नाही. मनातून रागही आला आणि वाईटही वाटलं, कारण गाडी गेली की ते घरात बसणार, आणि बसले की गप्प होणार, हे मलाही दिसत होतं.

मग भिवापूरचा मिरचीवाला आला. पन्नाशीचा, धिप्पाड, पांढरा शर्ट, खांद्यावर पांढरा दुपट्टा. मिरचीचा व्यापार, आठवड्यातून दोनदा कळमन्याच्या बाजारात यायचा. तो फाटकातून आत आला आणि मला लागोपाठ तीन शिंका आल्या, इतकी मिरची त्याच्या कपड्यांत मुरलेली. त्यानं आधी ना इंजिन पाहिलं ना टायर. सरळ डिक्की उघडली आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात ठेवून ठेवून आतली लांबी मोजली.

"दोन पोते बसन," तो स्वतःशीच म्हणाला. मग मागे फिरून बाबांना म्हणाला, "काकाजी, गाडी ठीक आहे. पण माह्या हिशेबानं हिचा क्लच…"

"आवाज करते," बाबा म्हणाले. "सकाळी करते. तापली की नाही करत."

"अन् टायर…"

"मागचे दोन या पावसाळ्यात बदलाच लागन."

मिरचीवाला हसला. "काकाजी, मले काही बोलू द्यान का नाही? खोड काढणं घेणाऱ्याचं काम असते."

"आमच्याकडे देणारा सांगते."

"तुमच्याकडे म्हणजे कोणीकडं?"

बाबांनी गावाचं नाव सांगितलं आणि पुढचा अर्धा तास गाडी राहिली बाजूला. मिरचीवाल्याचे वडील बैलबाजारात दलाली करायचे, तोही लहानपणी त्यांच्यासोबत जायचा. दोघं व्हरांड्यात बसले. मी चहा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी कान देऊन उभी राहिले. गाडीबाहेर बाबांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. आजोबांनी एकदा एका डोळ्यानं अधू बैल विकला, ती गोष्ट ते सांगत होते. आजोबा सगळ्या बाजारात मोठ्यानं सांगत फिरले म्हणे, याले डावीकडून दिसत नाही, याले डाव्या अंगाले जुंपा, म्हणजे उजवीकडचा जोडीदार दिसत राहते. भाव पडला, पण बैल चांगल्या घरी गेला आणि म्हातारा होईपर्यंत राबला.

"असं पायजे," मिरचीवाला म्हणाला.

चहा झाल्यावर दोघं पुन्हा गाडीशी गेले. मीही गेले. या वेळी मिरचीवाल्यानं गाडीला पूर्ण फेरी मारली आणि डाव्या बाजूला थांबला.

"हे निळं कायचं लागलं, काकाजी?"

जो माणूस मागच्या काचेच्या बटणाचीसुद्धा हकिगत सांगत होता, तो गप्प. त्यांनी पुढे होऊन त्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला. निघणारा रंग नव्हता तो.

"फाटकाला घासली असेल," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. आमचं फाटक पांढरं आहे.

मिरचीवाल्यानं फाटकाकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून झटकला. मला आणखी एक शिंक आली.

"चला काकाजी, भाव हातात करू. तोंडानं नको."

माझा जीव नुसता उचंबळला. या दुपट्ट्याखालच्या भावाबद्दल मी गाडीतच ऐकलं होतं, बाबांकडून. बैलबाजारात घेणारा आणि देणारा एकमेकांचा हात धरतात, वर कापड टाकतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं उभी असोत, त्या दोघांशिवाय भाव कोणाला कळत नाही. पाहायला मात्र कधी मिळालं नव्हतं. आणि आता ते आमच्या बोनेटवर होत होतं. बाबांनी हात पुढे केला, मिरचीवाल्यानं तो धरला, वरून दुपट्टा पसरला.

मी जवळ सरकले. कापडाखाली काहीतरी हलत होतं, पण काय ते कळेना. मनगटाच्या शिरांवरून काही अंदाज येतो का पाहिलं. नाही आला. मग तोंडं पाहायला लागले. बाबांचं तोंड कोरं. मिरचीवाल्याच्या भुवया आधी जागेवर होत्या, मग वर गेल्या.

"असं काहून, काकाजी?"

बाबांनी मान हलवली. पुन्हा कापड हललं.

"नाही, नाही. असं नसते," मिरचीवाला म्हणाला.

बाबा गाडीच्या काचेकडे पाहत होते, त्याच्याकडे नाही. पुन्हा कापड हललं. मिरचीवाल्यानं एकदा माझ्याकडेही पाहिलं, मदत मागितल्यासारखं. मी मनातून खूश झाले. म्हटलं, पाहा, आमचे बाबा. वाटतात साधे, पण त्याच्या नाकी नऊ आणले. दोनच्या खाली येत नसणार. किती वेळ चाललं ते. समोरच्या बाई गच्चीवर वाळवणाला आल्या, उभ्या राहिल्या, पापड उलटून खाली गेल्या, तरी यांचा हात कापडाखालीच.

शेवटी मिरचीवाल्यानं हात सोडला, दुपट्टा उचलून खांद्यावर टाकला आणि खिशातून पाचशेची एक नोट काढून बाबांच्या हातावर इसार म्हणून ठेवली. देताना त्यानं नोट कपाळाला लावली.

"झाला सौदा," बाबा म्हणाले.

"कितीत?" मी विचारलं.

"हातातला भाव सांगत नसते."

"मी तुमची मुलगी आहे, बाबा."

"म्हणूनच सांगून राहिलो, की सांगत नसते."

तेव्हापासून मला चैन नाही. पोळ्या लाटताना, पेपर तपासताना, डोक्यात एकच. दोन? दोन दहा? मी पुन्हा पुन्हा विचारलं, आडून विचारलं, चुकीचा आकडा सांगून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काही नाही. पण बाबा विसरले होते की बँकेत त्यांच्या खात्याला माझा मोबाइल जोडलेला आहे. तिसऱ्या दिवशी पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. इसार मिळून पावणेदोन लाख.

मी मेसेज दोनदा वाचला. त्या दुःखी चेहऱ्याच्या दलालानं एवढेच देऊ केले होते. मग त्या हात धरण्यात आणि भुवया वर करण्यात काय झालं? मला एकच उत्तर दिसलं. गावाकडच्या गप्पा मारून, म्हाताऱ्या माणसाला बैलांच्या आठवणीत गुंतवून यानं आमचं नुकसान केलं. माझं डोकं तापलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी न्यायला आला तेव्हा बाबा आत पूजेला बसले होते. एरवी दहा मिनिटांत उरकणारी पूजा त्या दिवशी संपत नव्हती. मी बाहेर गेले, दोन्ही चाव्या त्याच्या हातात दिल्या आणि आवाज खाली ठेवून म्हटलं, "एक विचारते. वडीलधाऱ्या माणसाकडून एवढ्या कमीत गाडी घेताना तुम्हाला काही वाटलं नाही?"

तो रागावला नाही. चाव्या हातात फिरवत उभा राहिला.

"ताई, सांगाले नाही पायजे," तो म्हणाला. "पण तुमच्या मनात भलतंच बसन, म्हणून सांगतो. मी पहिल्याच डावात दोन दाबले. तेवढ्याची आहे गाडी. काकाजी त्याच्या खाली आले."

"खाली?"

"मी दोन म्हणून राहिलो, ते पावणेदोन म्हणून राहिले. मी वर ओढू, ते खाली दाबत. म्हणूनच तं येवढा वेळ लागला. माह्या बापानं जिंदगी घातली बाजारात. देणारा घेणाऱ्याच्या खाली येते, हे त्यानंही नसन पाहिलं." त्यानं गाडीच्या डाव्या बाजूकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. "मी पुसलं नाही काहून म्हणून. तुम्ही पुसजा."

गाडी फाटकाबाहेर गेली. ज्या जागी ती उभी असायची तिथे तेवढा चौकोन पानांवाचून स्वच्छ होता.

दिवसभर मी काही विचारलं नाही. मी आणि न विचारणं, हे कोणी मानणार नाही. पण तोंडासमोर जाऊन "काहून" म्हटलं तर "झालं काही नाही" एवढंच येईल, हे मला ठाऊक होतं. संध्याकाळी ऊन उतरल्यावर बाबा व्हरांड्यात बसले होते, त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून. मी त्यांच्या बाजूला खुर्ची ओढली. समोर नाही, बाजूला, गाडीत बसायचे तशी. दोरीवर त्यांचा पंचा वाळत होता, तो काढला.

"बाबा, मले ते बोटांचं शिकवा."

"काहून? तुले बैल घ्याचे आहे का?"

"असंच. शिकवा ना."

त्यांनी माझा हात धरला. मी वरून पंचा टाकला. त्यांनी एक बोट दाबलं, म्हणाले हा एक. दोन दाबली, हे दोन. मूठभर बोटं धरली म्हणजे पाच. अर्ध्यासाठी बोट मधल्या पेरावर दाबायचं. पाऊण कसं दाबायचं ते सांगायला लागले आणि तिथेच थांबले. हात मात्र काढला नाही. मी समोर पाहत राहिले.

"त्या मंगळवारी," बाबा म्हणाले, "चौकात डावीकडून एक पोरगी आली. सायकलवर, शाळेच्या ड्रेसमधी. मले दिसलीच नाही वं. मी मान वळवली होती, तरी नाही दिसली. धक्का लागला अन् पडली."

मी पंच्याची कड सारखी केली.

"उतरलो तं उठून उभी होती. कोपर सोललं होतं, जास्त नाही. सायकल निळी. मी तिले पाणी पाजलं, हँडल सरळ करून देल्लं. अन् ते मले म्हणते, सॉरी आजोबा."

पंच्याखाली त्यांची बोटं माझ्या बोटांवर घट्ट झाली. त्यात आकडा नव्हता.

"चूक माही, अन् सॉरी ते म्हणते. बेटा, मले दिसत नाही, येवढंच म्हणाचं होतं. तोंडातून निघालं नाही. तिनं सॉरी म्हटलं अन् मी मान हलवली."

"म्हणून पैसे सोडले?"

"त्यानं निळं कायचं म्हणून विचारलं ना. बाकी सगळ्या खोडी गाडीच्या होत्या, सांगून देल्ल्या. ते खोड गाडीची नव्हती. माही होती." त्यांनी हातांवरचा पंचा उचलला. "बैलाचं चौघांत सांगता येते वं. आपलं नाही सांगता येत."